अर्धी-अर्धी

नाना पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात होता,
एकतीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
गंगापूर धरणाचं मातकट पाणी
तुरटी खाऊन त्याच्यासमोर शांत व्हायचं,
मग वाळूतून खाली, मग क्लोरीन,
मग सिडको, पंचवटी, कुणाच्या तरी पेल्यात.
"अख्खं नाशिक माझ्या हातचं पितं," म्हणायचा,
आणि कठड्याला टेकून पेटवायचा.

काडी एक, सिगारेट एक, आम्ही दोघं.
मी सायकलवर त्याचा डबा घेऊन जायचो.
पहिली अर्धी त्याची,
माझी अर्धी ओलसर, कोमट, त्याच्या ओठांची.
मी सोळाचा होतो.
दादांना वास आलाच तर सांगायचं, क्लोरीन आहे.

आता सोमवार-गुरुवार. मुंबई नाक्याजवळ, चौथा मजला.
"पेखळे अंबादास, काट्यावर उभे राहा."
दोन किलो आठशे वाढलंय. सगळं पाणी.
मशीनवरची पोरगी रागावते,
"काका, कुठनं प्यालात एवढं?"
दिवसाला पाऊण लीटरची परवानगी. वहिनी
खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून देते.
नाना बर्फाचा खडा गालात धरतो
आणि समोरच्या गच्चीवरची टाकी
ओसंडून वाहताना बघत राहतो.
"त्यांचा कॉक गेलाय," म्हणतो. "कुणीतरी सांगा रे."

डॉक्टर मॅडम कागदावर किडनी काढून दाखवत होत्या.
नानानं मध्येच तोडलं.
"आमचा बेड चोंदला की आम्ही उलटं पाणी सोडतो.
तळातनं वर. घाण निघून जाते.
इथं तसं काही?"
मॅडमचं पेन थांबलं.
"इथली वाळू धुता येत नाही, काका."
मग म्हणाल्या, धूर छातीत मुक्काम करत नाही.
रक्तात उतरतो, नळ्या आवळतो, बीपी चढवतो,
केसाहून बारीक जाळ्या हळूहळू राठ होतात
आणि जे अडवायचं तेच निसटून जातं.
"लघवीला फेस यायचा का?"
यायचा.
चार वर्षं यायचा.
केंद्रातल्या पाण्यावर असा फेस दिसला असता
तर नानानं रात्री बाराला साहेबांना उठवलं असतं.

मी म्हटलं, माझी घ्या. एक.
सहज म्हटलं, "अर्धी दे" म्हणायचो तसं.
रक्तगट जुळला. वहिनी कालिकेला ओटी बोलून आली.
नाना चार दिवस बोललाच नाही माझ्याशी,
पाचव्या दिवशी फोन: "जेवलास का?"
एवढंच.

मग माझा रिपोर्ट.
मॅडमनी तो माझ्याकडे फिरवला.
तोच रकाना, प्रोटीनपुढे अधिकचं चिन्ह,
"तुम्हीही ओढता?"
सहा, मी म्हटलं. दिवसाला.
"अकरा," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली.
"आधी बंद करा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.
तेव्हाही हो म्हणेन असं नाही."

खाली टपरीवाल्यानं न विचारता माझी पुढे केली.
सवयीनं पैसे दिले.
आज चाळिसावा दिवस. ती पाकिटात आहे,
वाकलेली, आधार कार्डावर भुसा सांडत.
फेकवत नाही. पेटवली नाही.
रात्री तीनला उठून
मोरीत दिवा लावून बघतो, फेस आहे का.

नाना, सुया टोचलेला हात न हलवता, विचारतो:
"आणलीस का माझी अर्धी?"
थट्टा करतो की मागतोय?
आणि कुठली मागतोय?
त्याचा चेहरा मला कधीच वाचता आला नाही.
रक्त नळीतून जातं, येतं.

समोरची टाकी पुन्हा वाहतेय.
मी उठतो.
"थांब, त्यांना सांगून येतो."